विश्लेषण : वाशिमचा पत्ता, दूरचे शोरूम! लांबच्या डीलरकडून कार घेताना बचत खरेच उरते का?

मावसभावाने मागच्या पाडव्याला कार घेतली. घर मालेगावला (नाशिककडचे नव्हे, आपल्या वाशिम जिल्ह्यातले मालेगाव जहांगीर) आणि शोरूम दोनशेहून अधिक किलोमीटरवर, एका मोठ्या शहरात. सोयाबीनचे पैसे हातात आले होते. हवा तो रंग आणि हवे ते मॉडेल जवळच्या शोरूममध्ये दीड महिना मिळणार नव्हते. त्यातच मित्राने सांगितले, ‘तिकडं घे ना भाऊ, अठ्ठावीस हजार कमी पडते.’ बोलणी सगळी फोनवर झाली.

पाडव्याला गाडी दारात आली, पेढे वाटून झाले. गाडीवर नंबर मात्र तात्पुरता होता. पक्का नंबर तीन आठवड्यांनी आला, पण त्याची प्लेट शोरूममध्येच. ती बसवायला गाडी घेऊन पुन्हा तिकडे जावे लागले. मग लक्षात आले की विमा पॉलिसीत चासी क्रमांकाचा एक अंक चुकला आहे; त्यासाठी आणखी एक फेरी. अठ्ठावीस हजारांतले किती उरले, हे भावाने कोणाला सांगितले नाही. वहिनींनी मात्र आकडे मांडून दाखवले.

जिल्ह्यातल्या अनेकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आपला सहा तालुक्यांचा जिल्हा. काही कंपन्यांची शोरूम वाशिममध्ये आहेत, पण सगळ्यांची नाहीत. मग कोणी ऐंशीएक किलोमीटरवरच्या अकोल्याला जातो, कोणी अमरावतीला, कोणी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला. नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाल्यापासून कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या माणसाला नागपूर फार लांब वाटेनासे झाले आहे. मुलगा पुण्यात नोकरीला असेल तर ‘इकडेच बुक करतो’ हा पर्यायही असतोच.

लांबून गाडी घेण्यात चूक काहीच नाही. कायद्यानेही गेल्या काही वर्षांत हे अंतर बरेच कमी केले आहे. पण काही कामे अशी आहेत की ती गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडण्याआधीच झाली पाहिजेत. नंतर त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी तेवढे अंतर तुडवावे लागते.

स्वस्त म्हणजे नेमके काय स्वस्त?

‘ऑन-रोड’ किमतीचा एकच आकडा फोनवर ऐकून दोन शोरूमची तुलना करणे, ही पहिली चूक. हा आकडा पाच-सहा रकमांची बेरीज असतो आणि त्यातल्या मोठ्या रकमा वाशिम काय अन् नागपूर काय, जवळपास सारख्याच असतात.

बहुतेक कंपन्यांची शोरूम किंमत राज्यभर एक किंवा जवळपास एक असते. जीएसटी तर देशभर सारखाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर (चार मीटरपर्यंत लांबी, पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत इंजिन) तो १८ टक्के झाला, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. राज्याचा एकरकमी वाहन करही आरटीओ बदलला म्हणून बदलत नाही. व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल कारला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५ टक्के. म्हणजे नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीचा कर लाखाच्या घरात जाणार, शोरूम कुठलेही असो. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा दरही सरकार ठरवते. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरानुसार १००० ते १५०० सीसीच्या कारसाठी तो १०,६४० रुपये आहे, जीएसटी वेगळा.

मग फरक पडतो कुठे? गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाने लावलेली रक्कम आणि सूट, एवढ्यातच. अनेकदा सूट एका हाताने दिली जाते आणि महाग विमा व अ‍ॅक्सेसरीजच्या पॅकेजमधून दुसऱ्या हाताने काढून घेतली जाते. म्हणून दोन्ही शोरूमकडून प्रत्येक रक्कम वेगळी लिहिलेले कोटेशन मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवर आले तरी चालेल. सुटीतही कंपनीची योजना किती आणि डीलरची स्वतःची किती, हे वेगळे लिहून घ्या. कंपनीची योजना जवळच्या शोरूममध्येही लागू असते. लांबच्या माणसाने खरोखर जास्त दिलेली असते ती फक्त डीलरची सूट, आणि त्या आकड्यावर घासाघीस अकोल्यातही होऊ शकते.

नोंदणीचे सरकारी शुल्क तसे किरकोळ आहे. कारसाठी ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर १५०० रुपये, स्मार्ट कार्डचे २०० रुपये. ‘आरटीओ खर्च’ म्हणून कराशिवाय दहा-बारा हजार लिहिले असतील तर कशाचे, ते विचारा. ‘हँडलिंग चार्ज’ हे कायद्यातले शुल्क नाही. शोरूममधूनच विमा घेण्याची सक्तीही डीलरला करता येत नाही. जुन्या गाडीवर जमलेला नो क्लेम बोनस (जास्तीत जास्त ५० टक्के) नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो, ही गोष्ट मात्र शोरूममध्ये सहसा आपणहून कोणी सांगत नाही.

एमएच ३७ मिळेल का?

हा प्रश्न वाशिमकरांच्या जिव्हाळ्याचा. शेजारच्या अकोल्याचा एमएच ३०, नागपूर शहराचा ३१, आपला ३७. गावात ३१ ची गाडी आली की लोक ‘सेकंडहँड घेतली का?’ विचारतात, हे खरे. कायद्याच्या दृष्टीने मात्र फरक नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० नुसार पूर्वी मालक राहतो त्या भागातल्या कार्यालयातच नोंदणी करावी लागे. २०१९ च्या दुरुस्तीने तिथे ‘राज्यातील कोणतेही नोंदणी कार्यालय’ असे शब्द आले. डीलर सहसा ज्या आरटीओशी त्याचे रोजचे काम चालते तिथेच नोंदणी करायला बघतो, कारण त्याला ते सोपे. एमएच ३७ हवा असेल तर ते बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या. पुढे कर्जाचा बोजा उतरवणे, मालकी बदलणे अशी कामे साधारणपणे नोंदणीच्या कार्यालयाशी जोडलेली राहतात. बरीच कामे ऑनलाइन झाली असली तरी एखाद्या वेळी जावे लागलेच, तर वाशिम बरे की पुणे, हा विचार करा. पुण्याबाबत आणखी एक बारीक गोष्ट. विम्याच्या दरासाठी मुंबई, पुण्यासह देशातली आठ मोठी शहरे ‘ए’ झोनमध्ये धरली जातात, बाकी सगळे ‘बी’. नोंदणी पुण्यात झाली तर स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता थोडा वाढू शकतो. गाडी मात्र फिरणार रिसोड-मेहकर रस्त्यावर.

त्याहून महत्त्वाची आहे त्याच दुरुस्तीतली दुसरी तरतूद. डीलर आणि नोंदणी एकाच राज्यात असतील तर नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा आहे, आणि नोंदणी क्रमांक गाडीवर लागल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून देणे हेही त्याच्याच गळ्यात. म्हणजे ‘आज गाडी न्या, नंबर मागून येईल’ हे मावसभावाला ऐकवले गेले तेव्हा त्याने नाही म्हणायला हवे होते. पण मुहूर्त पाडव्याचा होता, आणि शोरूमवाल्यालाही तो माहीत होता. मुहूर्तावर गाडी हवी असेल तर बुकिंग आणि पैसे दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे नंबर मुहूर्तापर्यंत येतो. लांबच्या शोरूमसाठी तर हे पाळाच.

परराज्यातून, म्हणजे इंदूर किंवा हैदराबादहून नवी गाडी आणायची असेल तर गणित बदलते. तिथून तात्पुरती नोंदणी घेऊन यायचे आणि महाराष्ट्राचा कर भरून इथे स्वतः नोंदणी करायची. कर वाचेल या आशेने जाऊ नका. गाडी जिथे ठेवणार तिथला कर भरावाच लागतो. सैन्यातले जवान, सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपनीतले नोकरदार यांच्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिका आहे. तिचा कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. वारंवार बदली होणाऱ्यांना ती सोयीची. कायम गावातच राहणाऱ्याने तिच्या मागे लागू नये.

आधी गाडी बघा, मग पैसे

सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी गोव्यातल्या एका प्रकरणाचा निकाल दिला. तिथल्या ग्राहकाने २०११ मध्ये नवी कार म्हणून पैसे भरले. हातात येऊ घातलेली गाडी निघाली २००९ ची, सहाशेहून जास्त किलोमीटर चाललेली आणि खालून गंजलेली. त्याने ती घ्यायला नकार दिला आणि ग्राहक मंच गाठला. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत निकाल त्याच्या बाजूने लागला. डीलर आणि उत्पादक टाटा मोटर्स दोघांनाही जबाबदार धरले गेले. सर्वोच्च न्यायालयात मात्र टाटा मोटर्स सुटली. डीलर हा कंपनीचा नोकर नव्हे, दोघांमधला व्यवहार स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला आहे आणि या गाडीबाबत कंपनीला काही माहीत होते हे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. डीलरची जबाबदारी कायम राहिली. पण दहा वर्षे गेली ती गेलीच.

यातून लांबून खरेदी करणाऱ्याने घ्यायचे ते एवढेच की दर्शनी भागावर कंपनीचे नाव कितीही मोठे असले, तरी तुमचा करार होतो तो डीलरशी. आणि गाडी बघायची ती बिल होण्याआधी. नावावर नोंद झाली की गाडी तुमची. मग ती बदलून मागणे म्हणजे भांडण.

त्यासाठी एक फेरी करावीच लागते. ‘व्हिडिओ कॉलवर दाखवतो’ यावर समाधान मानू नका. शक्यतो सकाळी जा, कारण शोरूमच्या दिव्यांखाली ओरखडे आणि पुन्हा दिलेला रंग दिसत नाही. ज्या गाडीचे बिल होणार तीच गाडी समोर हवी. तिचा १७ अक्षरी-अंकी चासी क्रमांक स्वतः वाचा, फोटो काढा. उत्पादनाचा महिना आणि वर्ष विचारा. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, ते लिहिलेले असते. जानेवारी-फेब्रुवारीत मोठी सूट देणारी गाडी मागच्या वर्षीची असू शकते. घ्यायला हरकत नाही, पण माहीत असून घ्यावी, कारण विकताना किंमत त्या वर्षाने ठरते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात; ३२२५ असेल तर २०२५ सालातला ३२ वा आठवडा. पाचही टायर बघा. मीटरवर पंधरा-वीस किलोमीटर समजण्यासारखे आहेत; दोनशे-तीनशे असतील तर गाडी कुठे गेली होती ते विचारा. काचा, एसी, दिवे, वायपर, जॅक, दोन्ही चाव्या. सोबत ओळखीचा मेकॅनिक नेता आला तर उत्तम. त्याची हजेरी आणि जेवण हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त विमा आहे.

पैसे कोणाच्या खात्यात?

शोरूमच्या नावाच्या बँक खात्यातच. सेल्समनच्या यूपीआयवर बुकिंगचे अकरा हजारही टाकू नका, तो कितीही गोड बोलला तरी. खाते क्रमांक शोरूमच्या छापील कोटेशनवरून घ्या आणि शोरूमच्या लँडलाइनवर फोन करून पडताळा. बुकिंग रद्द केले तर किती पैसे, किती दिवसांत परत मिळतील, हे पावतीवर हवे.

आपल्याकडे शेतमालाचे पैसे अजूनही बरेचदा रोख येतात. पण एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणे आयकर कायद्याने मना आहे. दंड घेणाऱ्याला होतो, त्यामुळे शोरूम ते घेणारही नाही. रोख रक्कम आधी खात्यात भरून मग आरटीजीएस करा. पॅन कार्ड सोबत ठेवा. गाडी १० लाखांवरची असेल तर बिलावर एक टक्का टीसीएस लागतो. तो खर्च नव्हे. विवरणपत्र भरले की करातून वजा होतो किंवा परत मिळतो. विवरणपत्र न भरणाऱ्यांचे ते पैसे तसेच पडून राहतात.

कर्ज गावातल्या बँकेचे असेल तर फायदा असा की हप्ते संपल्यावर ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्यायला पुन्हा दूर जावे लागत नाही. शोरूममधल्या फायनान्सवाल्याचा दर पाव टक्क्याने कमी असला तरी प्रक्रिया शुल्क धरून हिशेब करा.

घरी आणताना

विमा पॉलिसी सुरू झाल्याशिवाय गाडी हलवू नका, आणि पॉलिसी शोरूममध्येच उघडून नाव, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक जुळवा. आमच्या भावाची तिसरी फेरी तेवढ्याने वाचली असती. फास्टॅग गाडीसोबत येतो. तो चालू आहे का, त्यात पैसे आहेत का, ते तिथेच पाहा. समृद्धीवर कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल आहे (हा दर एप्रिल २०२५ चा). टाकीत पेट्रोल नावालाच असते, तेव्हा पहिला थांबा पंपाचा. हवाही तिथेच तपासा.

समृद्धीवर वेगमर्यादा १२० आहे आणि नवी गाडी हातात असली की पाय आपोआप दाबला जातो. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत पहिले हजारएक किलोमीटर इंजिन फार ताणू नका आणि सलग एकाच वेगात चालवू नका, असे सांगितलेले असते. सरळसोट महामार्ग म्हणजे नेमके तेच. वेग कमी-जास्त करत, मध्ये थांबत, उजेडी या.

सर्व्हिसिंगसाठी मात्र परत जायची गरज नसते. कंपनीची वॉरंटी आणि सुरुवातीच्या मोफत सर्व्हिस साधारणपणे कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालतात. अपवाद दोन. डीलरने स्वतः बसवलेल्या अ‍ॅक्सेसरीज, आणि डीलरने स्वतःच्या नावाने विकलेली वाढीव वॉरंटी. या दोन्हींसाठी त्याच दारात जावे लागू शकते. म्हणून वाढीव वॉरंटी घ्यायचीच तर कंपनीची घ्या. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम वाशिममध्येही बसते.

जुनी गाडी घ्यायची असेल तर

पुण्या-मुंबईहून जुनी कार आणणारेही कमी नाहीत. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचे अधिकृतता प्रमाणपत्र, फॉर्म २९बी, घ्यावे लागते. ते दाखवायला सांगा. कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलने परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरवरून दिसतात. फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या सह्या आणि मूळ आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. डीलर पुढे भेटेल, पण तो मूळ मालक पुन्हा सापडेलच असे नाही.

फसलोच तर कोर्ट कुठले?

बरेच जण इथेच हाय खातात. ‘केस करायला पुण्याला कोण जाणार?’ तिकडे जावे लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे शोरूम पुण्याचे असले तरी तक्रार वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगात, आणि उत्तर द्यायला वाशिमला यावे लागते ते शोरूमवाल्याला. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जाते. शुल्क पाच लाखांपर्यंत काही नाही, पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये, दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो, वकील सक्तीचा नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून पाहा. काही तक्रारी तिथेच मिटतात.

आयोगापुढे कागद लागतो, तोंडी शब्द नाही. म्हणून फोनवर ठरलेली प्रत्येक गोष्ट (सूट किती, नंबर कुठला, गाडी कोणत्या महिन्याची, ताबा कोणत्या तारखेला) त्याच दिवशी शोरूमला व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलवर लिहून पाठवा आणि ‘बरोबर आहे’ असे उत्तर येईपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नका. मोबाइल बदलताना ते चॅट जपून ठेवा. मावसभावाने नवा फोन घेतला तेव्हा त्याचे उडाले.